पाटी पुसणाऱ्या मॅडम

मॅडमचे हात कायम पाठीमागे बांधलेले असायचे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात टेक्नॉलॉजी लायब्रेरियन म्हणून नेमणूक, ताब्यात खोलीभर कॉम्प्युटर, आणि बाई कुणाच्याही कीबोर्डला बोट लावत नाहीत. नवीन येणाऱ्याला वाटायचं, यांना येत नसणार. मलाही तसंच वाटलं होतं. एम.ए.ला प्रवेश घेतला तेव्हा मी वळसंगहून एसटीनं यायचे आणि मोबाइलपलीकडं मला काही माहीत नव्हतं. पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून मी म्हटलं, "मॅडम, जरा ते उघडून द्या की."

"मी कशाला? माउस तुझ्या हातात आहे की, तंगी."

"मला येत नाही."

"येत नाही म्हणूनच तुझ्या हातात आहे."

मग त्या माझ्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि मी अर्धी दुपार घालवून एक लेख उघडला. त्यांना तो उघडायला चहाचा घोट घेण्याइतका वेळ लागला असता. मला राग आला होता. लेख उघडल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "झालं? आता मी उद्या नसले तरी तुझं अडत नाही." आणि पुढच्या खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

अशा मॅडम तुमच्यापैकी पुष्कळांना भेटल्या असतील. तुम्हाला त्या प्रेमानं आठवत असतील. मलाही प्रेमानंच आठवतात, आणि तिथंच माझी अडचण आहे. ज्या माणसावर आपला जीव नव्हता त्यानं फसवलं तर एक पत्रक काढून विषय संपवता येतो. मी पत्रकं लिहूनच वाढलेय. यांच्यावर मात्र मला पत्रक काढता आलं नाही, म्हणून हे लिहितेय.

मॅडम मूळच्या अक्कलकोटच्या. वडिलांचं धान्याचं दुकान, घरची बोली कानडी. आमच्याशी मराठी, शिपाई सिद्धाराम मामांशी कानडी आणि वरच्या साहेबांशी इंग्रजी, असा त्यांचा दिवस तीन भाषांत चालायचा. कपाळावर भस्माची बारीक रेघ. सोमवारी उपास, आणि बाकीच्या दिवशी डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, जिचा वास काचेच्या केबिनमधून बाहेर येऊन अभ्यास करणाऱ्यांना छळायचा. मुलींना त्या तंगी म्हणायच्या, मुलांना तम्मा. कानडीत धाकटी बहीण, धाकटा भाऊ. चिडल्या की पहिलं वाक्य कानडीतच यायचं. आम्हाला त्यातलं फक्त 'साकु' कळायचं. साकु म्हणजे पुरे. ते ऐकलं की खोली गप्प.

त्यांचं काम नक्की काय, हे विद्यापीठात फार कमी लोकांना ठाऊक होतं. गेटवरचे मामा त्यांना 'नेटवाल्या बाई' म्हणायचे. प्राध्यापक मंडळी प्रिंटर अडकला की त्यांना फोन करायची. "सर, अडकलेला कागद हळू ओढा, निघतो. मी ग्रंथपाल आहे," असं शांतपणे सांगून त्या फोन ठेवायच्या. खरं काम वेगळंच होतं. परदेशातली नियतकालिकं मुलांना घरी बसून वाचता यावीत म्हणून सोय लावायची, जुने धुळकट प्रबंध स्कॅन करून घ्यायचे, आणि नव्या प्रबंधांत कुणी कुणाचं किती उचललंय ते तपासायचं.

या शेवटच्या कामामुळं त्यांना नावं ठेवणारे भरपूर. एकदा एका वजनदार प्राध्यापकांच्या विद्यार्थ्याचा प्रबंध तपासणीत निम्मा दुसऱ्याचा निघाला. प्राध्यापक स्वतः खाली आले. एरवी ते खाली कधी येत नसत.

"मॅडम, जरा सांभाळून घ्या. मुलगा गरीब आहे हो."

"ज्याचं उचललंय तोही गरीबच असेल की, सर."

प्रबंध परत गेला. त्या दिवशी आम्ही कँटीनमध्ये मॅडमच्या नावानं चहा प्यायलो. एवढ्या मोठ्या इमारतींत ताठ मानेचं एक माणूस तरी आहे, असं आम्हाला वाटलं. मी मुद्दाम 'वाटलं' लिहिलंय. तेव्हा मी 'आहे' म्हटलं असतं.

मी तेव्हा विद्यार्थी संघटनेत नवीन होते. बसपास, शिष्यवृत्ती, वसतिगृहाचं पाणी, पत्रकाला विषयांची कमतरता नव्हती. पत्रक कसं लिहायचं ते संघटनेनं शिकवलं: पहिल्या ओळीत कॉलर धरायची आणि शेवटच्या ओळीत जमायचं ठिकाण सांगायचं. मधल्या ओळी खऱ्या असाव्यात, हे मॅडमनी शिकवलं. वसतिगृहाच्या पाण्यावरचा माझा मसुदा मी मोठ्या रुबाबात त्यांना वाचायला दिला होता.

"टाकी वर्षभर धुतलेली नाही. कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, मॅडम."

"सगळे म्हणजे कोण? कशावरून?"

मी मसुदा परत घ्यायला हात पुढं केला.

"टाकीवर चढून बघितलंस?"

दुसऱ्या दिवशी मी आणि राधिका टाकीवर चढलो. राधिका माझी वर्गमैत्रीण. कुंभारीच्या घरकुलात राहणारी, घरी तेलुगू बोलणारी. वडील पूर्वी यंत्रमागावर होते, आई विड्या वळते. कमवा आणि शिका योजनेत ती मॅडमच्याच खोलीत काम करायची आणि त्या पैशावर तिचं एम.ए. चाललं होतं. मराठी टायपिंगला तिच्यासारखा हात विद्यापीठात नव्हता. माझं नाव तिनं 'पत्रकवाली' ठेवलं होतं. टाकीचं झाकण तिनंच उचललं आणि आत बघून म्हणाली, "पत्रकवाली, हितं तर कबूतर मरून पडलंय की." मी वर्षभराचं वाक्य काढलं आणि कबुतराचं घातलं. टाकी त्याच आठवड्यात धुतली गेली. मॅडमनी छापील पत्रक वाचून माझ्या हातात परत दिलं. "आता कुणी कशावरून विचारलं तर दाखवायला कबूतर आहे," म्हणाल्या. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं प्रशस्तिपत्र.

आता पाटीबद्दल. ही रीत मी यायच्या आधी सुरू झाली होती. सिद्धाराम मामांनी तिची गोष्ट सांगितली. एक लग्न झालेली मुलगी नवऱ्यापासून सुटका कायद्यानं कशी मिळते ते वाचून गेली आणि पान तसंच उघडं राहिलं. तिच्यानंतर बसलेल्या मुलानं त्याचा फोटो काढून वर्गात फिरवला. मुलगी परत आली नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी खोली बंद करायच्या वेळी मॅडम आपल्या केबिनमधल्या मुख्य मशीनपुढं बसायच्या, एक आज्ञा द्यायच्या, आणि खोलीतले सगळे कॉम्प्युटर कोरे व्हायचे. दिवसभरात कुणी काय शोधलं, काय वाचलं, काय लिहून ठेवलं, सगळं जायचं. मग दारात येऊन त्या मोठ्यानं म्हणायच्या, "पाटी पुसली. चला घरी." शाळा सुटल्यासारखं वाटायचं. आमच्यात त्यांचं नावच पाटी मॅडम पडलं होतं.

एकदा मी विचारलं, "रोज कशाला पुसता? ठेवलं तर आमचंच काम वाचेल की."

"काम पेनड्राइव्हवर घेऊन जा. कोण काय वाचतं ते मला कळायला नको, तंगी. मला कळलं की उद्या मला कुणीतरी विचारणार."

हे वाक्य मी संघटनेच्या शिबिरात मुलींना सांगितलंय, मॅडमचं नाव घेऊन. आता त्याची लाज वाटते की नाही, ते माझं मला ठरवता येत नाही.

या पाटीच्या भरवशावर त्या खोलीत विद्यापीठाबाहेरचे लोकही यायचे. गेटवर ओळखपत्र दाखवलं की मॅडम कुणालाही बसू द्यायच्या. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतून पाळी सुटलेली मुलं पोलीस भरतीचे पेपर सोडवायला यायची, घरकुलातल्या मुली नर्सिंगचे फॉर्म भरायला. माझे वडील टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहेत. त्यांच्या फंडाचा अर्ज ऑनलाइन भरायचा होता, म्हणून एकदा तेही आले. दारात चपला काढल्या. मॅडम म्हणाल्या, "मालक, चपला घाला, हे देऊळ नाही." त्यांना खुर्चीत बसवलं आणि स्वतः हात पाठीशी बांधून मागे उभ्या राहिल्या. बाबा घामाघूम.

"आवो मॅडम, ह्यो बाण कुटं पळतोय बगा की. तुमीच द्या की भरून, लई उपकार हुतील."

"पळू द्या. येतो परत. हात तुमचाच ठेवा."

"पोरीला तरी सांगा."

"पोरगी तिकडं बसलीय, तिचा तिचा अभ्यास करतेय. तिच्याकडं बघू नका."

अर्ज गेला. संध्याकाळी मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "पाटी पुसली," आणि बाबा ताडकन उठले. "आँ? माझा अर्ज पुसला का काय?" सगळी खोली हसली. मॅडमही हसल्या. "अर्ज सरकारकडं पोचला, मालक. इथं तुमचं नाव-गाव उरलं होतं, तेवढं पुसलं." घरी जाऊन बाबांनी आईला 'म्या भरला, माझ्या हातानं' असं इतक्या वेळा सांगितलं की शेवटी आई म्हणाली, "व्हय, कळलं, आता जेवा."

मग गेटची बातमी आली. ई-ग्रंथालयाच्या, म्हणजे मॅडमच्या खोलीच्या, दारात कार्डानं उघडणारं गेट बसणार, ज्याचा प्रवेश त्यालाच कार्ड, बाहेरच्यांना बंद. वरच्या साहेबांनी दिलेलं कारण काय, तर शिस्त. बाबांसारख्यांनी कुठं जायचं, भरतीवाल्या मुलांनी कुठं जायचं, हे कुणी विचारलं नाही. म्हणजे आम्ही विचारायचं ठरवलं.

पत्रक राधिकानं आणि मी मिळून लिहिलं, एका दुपारी, दाराजवळच्या तिच्या नेहमीच्या मशीनवर. खाली नाव घालायचं नाही हे आधीच ठरलं होतं, कारण ती तिथंच कामाला होती. सापडली असती तर काम गेलं असतं, आणि काम गेलं की एम.ए. गेलं. टाइप करता करता तिनं एक वाक्य स्वतःचं घातलं: 'ज्या साहेबांनी घरी नेलेली ग्रंथालयाची पुस्तकं कधी परत केली नाहीत, तेच आता दाराला कुलूप लावायला निघालेत.' आम्ही दोघी तोंडावर ओढणी धरून हसलो. मग सवयीनं माझ्या तोंडातून गेलं, "कशावरून?"

राधिका म्हणाली, "सगळेच म्हणतात की."

आम्ही एकमेकींकडं बघितलं. दोघींनाही कबूतर आठवलं. वाक्य काढून टाकलं. दुरुस्त केलेलं पत्रक पेनड्राइव्हवर घेतलं आणि पहिला मसुदा मशीनवर तसाच राहू दिला. राहिला तर राहिला, संध्याकाळी जाणारच होता. खोली बंद व्हायच्या वेळी मॅडम दारात आल्या. "पाटी पुसली. चला घरी." आम्ही घरी गेलो.

पत्रक वाटलं गेलं, भिंतींवर लागलं, मराठीच्या वर्गात मोठ्यानं वाचलं गेलं. चार दिवसांनी राधिकाला प्रशासकीय इमारतीत बोलावणं आलं. मी बाहेर कडुनिंबाखाली थांबले होते. ती आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर रंग नव्हता.

"पत्रकवाली, साहेबांनी ते वाक्य वाचून दाखवलं."

"कुठलं?"

"पुस्तकांचं. आपण काढलेलं."

ते वाक्य छापलेलंच नव्हतं. ते तिच्या डोक्यात होतं, माझ्या डोक्यात होतं आणि दाराजवळच्या मशीनवर होतं, जे रोज संध्याकाळी कोरं होत असे. मी म्हटलं, कुणीतरी आपल्या मागून फोटो काढला असणार. मी म्हटलं, मुख्य मशीन बिघडलं असेल. मी म्हटलं, कुणीही असेल, पण मॅडम असं करणार नाहीत.

राधिका म्हणाली, "कशावरून?"

तिला कामावरून काढलं. कारण तोंडी सांगितलं: कामाच्या ठिकाणी विश्वासघात. हा शब्द साहेबांनी तिच्यासाठी वापरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडायच्या आधी मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. त्या उभ्याच होत्या.

"मॅडम, पाटी पुसत होता का?"

त्या खोटं बोलतील असं मला वाटत होतं. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"दिवाळीनंतर नाही."

"पण रोज दारात येऊन म्हणत होता."

"हौदु, होय. म्हणत होते."

"का?"

मग त्यांनी सांगितलं. वरून आदेश आला होता की मशीनवरचं काही पुसू नका, लागलं तर बघता आलं पाहिजे. त्या भांडल्या. मग साहेबांनी देवघेव मांडली: तुम्ही पुसणं थांबवा, आम्ही गेट बसलं तरी रविवारी बाहेरच्यांना येऊ देतो. मॅडमनी हो म्हटलं. "नाही म्हटलं असतं तर दार कायमचं गेलं असतं, तंगी. तुझ्या वडिलांसारख्यांचं दार. मी निदान रविवार वाचवला."

"मग आम्हाला सांगायचं होतं. पुसत नाही, सांभाळून लिहा, एवढंच."

"सांगू नका असंही म्हणाले होते."

"सांगायचं नव्हतं तर गप्प बसायचं. पाटी पुसली असं ओरडायचं कशाला?"

मॅडम खिडकीकडं वळल्या. हात पाठीमागेच होते.

"गप्प बसले असते तर पहिल्याच संध्याकाळी तूच विचारलं असतंस, आज पुसली नाही का म्हणून. आणि तू विचारल्यावर मला खोटं बोलता आलं नसतं."

मी हे उत्तर किती वेळा मनात फिरवलं असेल. विचारल्यावर खोटं बोलता येत नाही, म्हणून कुणी विचारूच नये याची रोज संध्याकाळी दारात उभं राहून सोय करायची. आणि हे सगळं आमच्यावरच्या मायेपोटी. शत्रू असा वागत नाही. शत्रूला आपली एवढी ओळख नसते.

"राधिकाचं काय?" मी विचारलं.

"मी तिचं नाव दिलं नाही. त्यांनी मशीन बघितलं. त्या मशीनवर कोण बसतं ते सगळ्यांना माहीत होतं."

"पण त्यांनी बघितलं तेव्हा मशीन भरलेलं होतं, मॅडम."

"साकु," त्या म्हणाल्या. माझ्यावर ओरडून नाही, अगदी हळू. मी बाहेर पडले. त्यानंतर विद्यापीठात असेपर्यंत मी त्या खोलीत पाय ठेवला नाही.

राधिकाचं एम.ए. अर्ध्यात राहिलं. ती आता अक्कलकोट रोडला टॉवेलच्याच एका कारखान्याच्या ऑफिसात बिलं टाइप करते. मी तिला म्हटलं होतं, आपण मॅडमवर पत्रक काढू, सगळं नावानिशी. ती तेव्हा बसस्टॉपवर भेळ खात होती.

"नको."

"का नको? तुझं वर्ष गेलं."

"माझं गेलं की. तुझं भांडण तुझ्याकडं ठेव. माझी धाकटी बहीण रविवारी तितंच बसती, भरतीचा अभ्यास करती. तिला जागा मिळती." मग भेळेचा कागद चुरगाळून म्हणाली, "पाटी मॅडम तिलाबी म्हणत्यात, माउस तुझ्या हातात."

रविवार खरंच चालू आहे. मॅडमनी जे वाचवलं म्हटलं ते खरंच वाचलंय. पत्रकात हे कुठं बसवायचं, ते मला कुणी शिकवलेलं नाही. पण ज्या दारातून राधिकाची बहीण आत जाते त्याच दारातून राधिका बाहेर पडली, आणि तिला विचारून कुणी हा सौदा केला नव्हता. जिचं होतं तिला विचारायला हवं होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मागे घेणार नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. जन्मभर दुसऱ्याच्या हातात माउस देणाऱ्या या बाईनं एकच काम स्वतःच्या हातात ठेवलं होतं, पाटी पुसण्याचं. बाबांना अर्ज त्यांच्या हातानं भरायला लावला, मला टाकीवर चढायला लावलं, पण पुसायला कधी कुणाला लावलं नाही. आणि पाण्याच्या टाकीत डोकावून बघणाऱ्या आम्ही, त्या काचेच्या केबिनमध्ये काय होतं ते कधी डोकावून बघितलं नाही. मॅडम म्हणतात म्हणजे पुसलीच असणार. कोण म्हणतं? मॅडम म्हणतात. कशावरून? हे आम्ही सगळ्या जगाला विचारलं, त्यांना सोडून.

एम.ए. झाल्यावर मी कुंभारीत अभ्यासिका सुरू केली. ग्रामपंचायतीनं एक रिकामी खोली दिली, जुने कॉम्प्युटर मागून आणले, काही चालतात, काही चालायचं मनावर घेतात. कारखाना सुटल्यावर राधिका येते आणि टायपिंग शिकवते. आमच्याकडं पुसायची रीत वेगळी आहे. ज्यानं वापरलं त्यानंच उठताना आपल्या हातानं सगळं पुसायचं. आणि त्याच्या जागी जो बसेल त्यानं उघडून बघायचं, काही उरलंय का, आणि मोठ्यानं सांगायचं, "कोरी हाय." दिवसाच्या शेवटी शेवटच्या मशीनवर आमच्यातलं कुणीतरी बसून बघतं. नुसतं सांगितलं म्हणून कुणावर विश्वास ठेवायचा नाही. नवीन मुलांना हा खेळ वाटतो. वाटू दे.

मागच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दारात स्कूटर थांबली आणि मॅडम चपला काढून आत आल्या. केस बरेच पांढरे झाले होते, भस्माची रेघ तशीच. कुणाकडून तरी ऐकलं म्हणून बघायला आले, म्हणाल्या. मी 'या' म्हटलं. एवढंच म्हटलं. राधिका एका मुलीला जोडाक्षरं शिकवत होती. ती उठली नाही, पण मॅडमना खुर्ची दाखवली.

मॅडम बसल्या नाहीत. हात पाठीमागे बांधून मुलांच्या मागून हिंडल्या. एक मुलगा उठला, त्याची जागा दुसऱ्यानं घेतली आणि थोड्या वेळानं ओरडला, "कोरी हाय." मॅडम थांबल्या.

"हे काय?"

मी रीत सांगितली. माझा आवाज मला हवा तेवढा कोरडा राहिला.

"ज्याची त्यानं पुसायची आणि पुढच्यानं बघायचं," मॅडम म्हणाल्या. "हे मला सुचायला हवं होतं."

"सुचलं असणार, मॅडम. तुम्हाला न सुचण्यासारखं यात काय आहे?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग एक रिकामी खुर्ची ओढली आणि बसल्या. मी त्यांना कुणासमोर कीबोर्डवर हात ठेवताना कधी बघितलं नव्हतं. बोटं लांब होती, आणि टाइप करायची पद्धत जुनी, टाइपरायटरवर शिकलेल्या माणसासारखी, जोरात. काय वाचलं, काय लिहिलं, मला माहीत नाही. आमच्याकडं कुणी दुसऱ्याच्या पडद्याकडं बघत नाही, आणि हे आम्हाला त्यांनीच शिकवलंय. बऱ्याच वेळानं त्यांनी सगळं पुसलं, नीट, एकेक करून, आणि उठून बाजूला उभ्या राहिल्या. ते नेहमीचं वाक्य म्हणाल्या नाहीत. वाट बघत राहिल्या.

खोलीत नेमकं त्या वेळी कुणी उठेना. शेवटी राधिका आली, त्या खुर्चीत बसली आणि बघू लागली. नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिली. मॅडमचे हात पाठीमागे होते, पण एका हातानं दुसरा घट्ट धरला होता.

"कोरी हाय," राधिका म्हणाली.

मॅडमनी मान हलवली. राधिका आपल्या जोडाक्षरांकडं परत गेली. मॅडम दाराशी जाऊन चपला घालू लागल्या. "येते, तंगी," म्हणाल्या, आम्हा दोघींना मिळून.

मी त्या खुर्चीत बसले आणि पुन्हा एकदा सगळं उघडून बघितलं. एकेक करून, राधिकानं बघितलं तेही आणि तिच्याकडून राहिलं असेल तेही. मॅडम दारात थांबून माझ्याकडं बघत होत्या. मला ते दिसत होतं, आणि मी थांबले नाही. मशीन कोरं होतं. मी मान वर केली तेव्हा त्या स्कूटर चालू करत होत्या.